इमारतीच्या पोटातले स्थानक

प्रश्न : लंडनला मुलीकडे दोन महिने राहून मी नुकताच ठाण्याला परतलो. तिच्या कार्यालयाजवळचे ‘डॉकलँड्स लाइट रेल्वे’चे कॅनरी व्हार्फ स्थानक पाहून फार नवल वाटले. मुंबईतल्या उन्नत मेट्रोची स्थानके बहुतेक रस्त्यावर खांबांवर उभी असतात. हे स्थानक मात्र उंचावर असूनही इमारतींच्या मधोमध आहे आणि गाडीला चालक नाही. असे का? शिवाय एवढी गर्दी वाहणाऱ्या रेल्वेला ‘हलकी’ कसे म्हणायचे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘हलकी’ हा शब्द तिच्या बांधणीला लागू आहे. डबे वजनाला कमी, गाड्या आखूड, वळणे अगदी आवळ आणि चढ नेहमीच्या रेल्वेला न पेलणारे, अशी ही रचना आहे. 1981 पर्यंत लंडनच्या जुन्या गोद्या एकामागून एक बंद पडल्या होत्या आणि त्या ओसाड भागासाठी सरकारला कमी खर्चाची रेल्वे हवी होती. म्हणून 1987 मध्ये 11 गाड्या आणि 15 स्थानके घेऊन, सुमारे 7 कोटी 70 लाख पौंडांत, ही सेवा सुरू झाली. खर्च वाचवण्याचा एक मार्ग म्हणजे पडून असलेले जुने मार्ग वापरणे. आपण पश्चिमेकडून येताना लाइमहाऊसपाशी विटांच्या ज्या कमानींवरून गेला असाल, त्या 1840 च्या लंडन अँड ब्लॅकवॉल रेल्वेच्या आहेत. त्या रेल्वेच्या गाड्यांना सुरुवातीची काही वर्षे इंजिनच जोडलेले नसे. मार्गाच्या टोकांना बसवलेली वाफेची यंत्रे दोराने डबे ओढत. आज त्याच कमानींवरून चालकाविना गाडी धावते, हे मला फार विलक्षण वाटते.

पुढे गाडी दक्षिणेला वळते आणि वेस्ट इंडिया गोदीच्या पाण्यावरून जाते. 1802 मध्ये खुल्या झालेल्या या गोदीत वेस्ट इंडीजमधली साखर आणि रम उतरत असे. कॅनरी व्हार्फचे स्थानक मूळ आराखड्यात इतर थांब्यांसारखेच साधे होते. पण भोवती कार्यालयांचा एवढा मोठा प्रकल्प उभा राहणार हे स्पष्ट झाल्यावर ते साधे स्थानक पुरणार नाही हेही उघड झाले, आणि नव्याने बांधलेले मोठे स्थानक 1991 मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले. इमारती आणि स्थानक एकाच वेळी आकाराला आल्यामुळे रुळांसाठी इमारतींच्या मधोमध जागा राखता आली. स्थानक आधी आणि वस्ती नंतर, किंवा वस्ती आधी आणि स्थानक नंतर, अशी ओढाताण तिथे झाली नाही, म्हणूनच फलाटावरून उतरलेला माणूस रस्ता न ओलांडता थेट दुकानांच्या दालनात पोहोचतो. वरचे काचेचे कमानदार छत आणि शेजारचा 50 मजली वन कॅनडा स्क्वेअर, दोन्ही वास्तुविशारद सेझार पेली यांच्या आराखड्यातले आहेत.

या स्थानकाचे खरे वैशिष्ट्य मात्र फलाटांत आहे. रूळमार्ग 3 आणि फलाट 6, म्हणजे प्रत्येक गाडीच्या दोन्ही बाजूंना फलाट आहे. सकाळी एकाच वेळी शेकडो माणसे उतरतात तेव्हा गर्दी दोन अंगांनी फुटते आणि गाडी लवकर मोकळी होते. दादर किंवा ठाण्याला दारात उतरणारे आणि चढणारे एकमेकांना कसे भिडतात हे आपण पाहिलेलेच आहे.

चालक नसला, तरी गाडीत कर्मचारी असतोच. तो दारापाशी उभा राहतो, फलाटावर नजर टाकतो, दाराशेजारच्या पेटीत किल्ली फिरवतो आणि दारे बंद करतो. गाडी पळवण्याचे काम संगणक करतो. बिघाड झाल्यास सर्वांत पुढच्या आसनासमोरचे कुलूपबंद झाकण उघडून तोच कर्मचारी हाताने गाडी चालवतो. एरवी त्या आसनावर कोणीही बसू शकतो आणि समोरच्या काचेतून रूळ थेट इमारतीत शिरताना पाहू शकतो. पुन्हा गेलात, तर नातवंडांना तिथे अवश्य बसवा.

प्रश्न : याच नावाचे भुयारी स्थानकही आहे. गाडी बदलण्यासाठी कुठे उतरावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लंडनच्या भुयारी रेल्वेच्या जुबिली मार्गाचे ते स्थानक गोदीच्या एका भागातले पाणी उपसून, खोलवर बांधले गेले आणि 1999 मध्ये खुले झाले. नाव सारखे असले, तरी त्याला उन्नत मार्गावरचे हेरॉन कीज हे पुढचे स्थानक अधिक जवळ पडते. तिथे उतरावे आणि बाहेर पडताना पिवळ्या यंत्रावर कार्ड आठवणीने टेकवावे, कारण अडवणारे फाटक नसल्याने ते विसरणे सोपे असते आणि भाडे मात्र जास्त कापले जाते.