चित्रकला येत नसेल तर मित्रमैत्रिणींसाठी ख्रिसमसच्या वस्तू हाताने कशा कराव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्रमैत्रिणी नऊ, हातात तीन आठवडे, चित्रकलेच्या नावाने शून्य, आणि तरी यंदा प्रत्येकाला स्वतः केलेलं काहीतरी द्यायचंय. जमेल. फक्त नऊ जणांसाठी नऊ तऱ्हा करायला जाऊ नका. एकच वस्तू निवडा आणि ती पस्तीस वेळा करा. पहिल्या चार-पाच बिघडतील, मग हात बसेल, आणि शेवटच्या दहा अशा होतील की तुमचा तुम्हालाच विश्वास बसणार नाही.

मी पहिल्या वर्षी नेमकं उलटं केलं होतं. एकीला मेणबत्ती, एकाला रंगवलेली बाटली, एकीला मफलर, एकाला क्विलिंगची, म्हणजे गुंडाळलेल्या कागदी पट्ट्यांची, फ्रेम. प्रत्येकाचं सामान वेगळं आणि प्रत्येकात मी नवशिकी. २४ डिसेंबरच्या रात्री दीड वाजता मी हेअर ड्रायरने फेव्हिकॉल वाळवत बसले होते. मफलर वीतभरच विणून झाला होता. तो पुस्तकात खूण म्हणून ठेवायची पट्टी आहे, असं सांगून दिला. मैत्रीण भली, तिने मानलं.

चित्र काढता न येणाऱ्यांसाठी माझी पहिली पसंती मीठ-मैद्याच्या चांदण्यांना. दोन वाट्या साधा मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि साधारण वाटीभर पाणी. पाणी एकदम ओतू नका, थोडं थोडं घाला, नाहीतर गोळा चिकट होतो आणि मग मैदा वाढवत वाढवत परातभर पीठ होतं. चांगलं दहा मिनिटं मळा. पाच मिलिमीटर जाडीची पोळी लाटून साच्याने चांदण्या, झाडं, घंटा कापा. साचा नसेल तर वाटीने गोल कापा, गोलही छान दिसतात. दोरा ओवायचं भोक ओलं असतानाच स्ट्रॉने पाडा, आणि वाटतं त्यापेक्षा जरा मोठं पाडा, कारण भाजताना ते आवळतं. सुकल्यावर भोक पाडू म्हणाल तर चांदणीचे दोन तुकडे हातात येतील.

ओव्हन १०० ते ११० अंश सेल्सिअसवर, अडीच-तीन तास, मध्ये एकदा उलटून. इथे घाई नडते. मी एकदा १८० अंशांवर 'पटकन' उरकायला गेले. चांदण्यांच्या पुऱ्या झाल्या, फुगलेल्या आणि तपकिरी. आपल्याला त्या भाजायच्या नसतात, आतलं पाणी हळूहळू घालवायचं असतं. ओव्हन नसेल तर जाळीवर ठेवून रोज उलटत चार-पाच दिवस वाळवा, हवा दमट असेल तर आणखी.

पुढचं काम बहुतेक जण अर्धवट सोडतात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून रंग वाळला की वॉर्निश दोन्ही बाजूंनी, कडांना आणि भोकाच्या आतूनही लावायचं. माझ्या एका वर्षीच्या चांदण्यांना मी फक्त पुढूनच लावलं होतं. दिसायला सुरेख, पण पुढच्या डिसेंबरात डबा उघडला तर सगळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटलेल्या. रंगाचं म्हणाल, तर न रंगवणं हाच माझा सल्ला. फिकट, खरबरीत पांढऱ्यावर लाल रिबीन पुरते. फारच हौस असेल तर ओल्या पिठावर एखादं शिरा असलेलं पान दाबून उचला, त्याचा ठसा कुठल्याही चित्रापेक्षा बरा उठतो.

दुसरा पर्याय कागदाचा. हिमकण कापायला सगळ्यांना आवडतं, पण बहुतेकांचे हिमकण आठ टोकांचे होतात, कारण आपण कागद निम्मा, परत निम्मा, परत निम्मा असा दुमडतो. खऱ्या हिमकणाला टोकं सहा, कारण बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात. यावरून एक गंमत आठवते. योहान्नेस केप्लर प्राग शहरात बादशहाच्या पदरी गणिती होता. मित्राला नववर्षाची भेट काय द्यावी या विचारात असताना त्याला हिमकण दिसले आणि त्याने 'यांना सहाच कोपरे का?' यावर १६११ मध्ये एक छोटीशी पुस्तिकाच लिहून मित्राला भेट दिली. लॅटिनमध्ये 'निक्स' म्हणजे बर्फ, आणि जर्मन बोलीत तसाच उच्चार असलेला शब्द म्हणजे 'काही नाही'. मी तुला 'काहीच नाही' देतोय, असा तो विनोद. खिशात पैसे नसताना द्यायच्या भेटीचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तर सहा टोकांसाठी: चौकोनी कागद कर्णावर दुमडून त्रिकोण करा. लांब बाजूचा मध्य धरा आणि तिथून डावी-उजवी बाजू एकमेकींवर अशी आणा की तीन सारखे भाग होतील, प्रत्येकी ६० अंशांचा. ती पाचर पुन्हा निम्मी दुमडा, वरची निघालेली शिंगं कापून टाका आणि आता कडांवर कात्री चालवा. या घडीला कागदाचे बारा थर होतात, म्हणून पातळ कागद घ्या. जाड कार्डपेपरवर कात्री घसरते आणि बोटही कापतं. उघडल्यावर वर दुसरा कागद ठेवून हलकी इस्त्री फिरवा.

आणखी थोडं अवघड चालत असेल तर फ्रोबेलची चांदणी करा. १८४० मध्ये 'किंडरगार्टन' हा शब्द रूढ करणाऱ्या फ्रीडरिश फ्रोबेलचं नाव तिला आहे. चार पट्ट्या, प्रत्येकीची लांबी रुंदीच्या तीसपट, म्हणजे दीड सेंटिमीटर रुंद असेल तर ४५ सेंटिमीटर लांब. गोंद नाही, टाचणी नाही, सगळं नुसत्या विणीवर उभं राहतं. घड्या शब्दांत सांगण्यात अर्थ नाही, व्हिडिओ पाहूनच शिका. पहिलीला तासभर लागेल आणि मध्येच फेकून द्यावीशी वाटेल. पाचवीला दहा मिनिटं.

संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या सोप्या आणि देखण्या असतात, फक्त पुरत्या सुकल्या नाहीत तर बुरशी धरतात. मेणबत्त्या मात्र नवख्यांनी शेवटच्या आठवड्यात करू नयेत. वात चुकीच्या जाडीची निघाली तर ज्योत विझते किंवा भडकते, आणि ते कळायला एक तरी पूर्ण जाळून पाहावी लागते. शिवाय सुकी फुलं, दालचिनीच्या काड्या मेणात खोवलेली ती सुंदर मेणबत्ती फोटोपुरतीच ठीक. ती फुलं पेट घेतात.

भेट म्हणून नऊ जणांना काय द्यायचं, याचं उत्तर आता सोपं आहे: हीच सजावट. प्रत्येकाला तीन चांदण्या, चपट्या खोक्यात. हाताने केलेल्या भेटीचा एक त्रास असतो, घेणाऱ्याला ती फेकताही येत नाही आणि ठेवायला जागाही नसते. झाडावर किंवा खिडकीत टांगायची वस्तू वर्षातले अकरा महिने एका डब्यात पडून राहते, कुणाच्या कपाटावर हक्क सांगत नाही.

सोबत कार्ड द्या, पण त्यात दोन ओळी त्या माणसाबद्दलच्या लिहा. छापील ख्रिसमस कार्ड आलंच मुळी वेळ नाही म्हणून. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोलला इतक्या पत्रांना उत्तरं लिहिणं झेपेना, तेव्हा त्याने चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं आणि छापून पाठवलं. तुमची पत्रं नऊच आहेत.

वेळेचं गणित करताना हाताचं काम मोजू नका, वाळायचे दिवस मोजा. पहिल्या आठवड्यात चांदण्या भाजून मोकळ्या व्हा. दुसऱ्यात रंग आणि वॉर्निशचे दोन हात, मध्ये एकेक दिवस सोडून. तिसरा आठवडा रिबीन, कार्ड, खोकी आणि जी मोडेल तिच्यासाठी. भाजण्यापूर्वी मागच्या बाजूला टूथपिकने वर्षाचा आकडा कोरायला विसरू नका.

आणि देण्याआधी एक विचारून घ्या: घरी कुत्रा आहे का? या पिठात मीठ इतकं असतं की कुत्र्याने चांदणी खाल्ली तर जिवावर बेतू शकतं, आणि त्याला ती बिस्किटासारखीच वाटते. त्या घरी कागदाची द्या.