बुद्धिबळाच्या इंजिनला डावाची समज असते, की ते फक्त खोलवर मोजतं? विश्लेषणाला डेप्थ किती ठेवावी?

डेप्थचं (म्हणजे इंजिन किती चाली पुढचं बघतं त्याचं) नाव काढलंत म्हणून राहवलं नाही. याच मुद्द्यावर माझा मेव्हण्याशी बारा वर्षं वाद चालू आहे. त्याचं ठाम मत: ज्यांना पुढचं मोजता येत नाही ते त्याला 'समज' म्हणतात. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू संगणकानं सेकंदाला २० कोटी स्थिती तपासून जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, विषय संपला. (मग डीप ब्लूच्या चमूत जोएल बेंजामिन हा ग्रँडमास्टर काय चहा द्यायला होता?)

गेल्या दिवाळीत सांगलीला, सासरी डाव मांडला. माझा एक उंट फुकट गेला. चकलीकडे लक्ष होतं, चूक माझीच. त्याच्याकडे काळ्या घरांतला उंट जास्तीचा उरला. मी एकेक प्यादं सरकवून सगळी त्याच्या प्याद्यांना भिडवली, माझी सगळी पांढऱ्या घरांत. काळ्या घरांतला उंट काळ्याच घरांत फिरणार, मग खाणार काय? राजाला आत शिरायला दार नाही. यानं मोबाइल काढून इंजिन लावलं. आकडा अधिक चार, म्हणजे तो चार प्याद्यांइतका पुढं; डेप्थ ३८.

"दाजी, सोडा डाव."

म्हटलं, खेळ तू. तो उंट पुढंमागं नाचवत राहिला, आकडा चारच्या आसपास चिकटलेला. सासरे मध्येच झोपून गेले. पन्नास चालींच्या नियमानं (दोघांच्या पन्नास-पन्नास चालींत ना मारामारी, ना प्यादं हललं) बरोबरी. तो अजून म्हणतो, "जिंकत मीच होतो."

२०१७ मध्ये स्वतःशीच खेळून शिकलेलं डीपमाइंडचं अल्फाझीरो सेकंदाला ८० हजार स्थिती बघत होतं, तर मोजण्यावर भर असलेलं स्टॉकफिश इंजिन ७ कोटी. दोघांच्या शंभर डावांत अल्फाझीरोनं २८ जिंकले, ७२ बरोबरीत, हरला एकही नाही. पुढं २०२० मध्ये स्टॉकफिशनंच शोगीतून (जपानी बुद्धिबळातून) आलेलं, स्थिती कशी आहे ते शिकून जोखणारं न्यूरल नेटवर्क घेतलं. मोजण्याचा वेग घटला, ताकद वाढली. याला समज नाही तर काय म्हणायचं?

हां, अल्फाझीरोविरुद्धच्या त्या सामन्यात स्टॉकफिशला मिनिटाला एक चाल अशी सक्ती होती आणि मेमरी जेमतेम १ जीबी. मेव्हणा हे सांगेलच, आणि ते खरं आहे.

तुमचं डेप्थचं: आपल्यासारख्यांच्या डावाला २०-२२ पुरते. आकडा मोठा आहे, पण दहा चाली पुढं खेळवूनही वाढत नाही? मग पट कोंडलेला असू शकतो, इंजिनचं ऐकून राजीनामा देऊ नका. फक्त चाली कागदावर लिहा. मी बोटांवर मोजल्या, त्यावरून वेगळं भांडण झालं.