कारवीच्या रानातून, वाट नसताना डोंगरमाथा कसा गाठायचा?

सह्याद्रीत असाल तर सोंड (माथ्यावरून खाली उतरत आलेली डोंगराची धार) धरा, नाळ (दोन सोंडांमधली पाणी वाहण्याची अरुंद घळ) नको. नाळ खालून मोकळी दिसते, पण वर बहुतेकदा कोरड्या धबधब्याच्या कातळाशी नेऊन अडकवते. ढोरवाटाही भुलवतात, त्या चराईकडे जातात, माथ्याकडे नाही. चढताना सोंडा एकत्र येतात, उतरताना त्यांना फाटे फुटतात आणि खरी चुकामूक तिथेच होते. म्हणून प्रत्येक फाट्यावर मागे वळून फोटो घ्या, मोबाइलवर जीपीएस ट्रॅक (चाललेल्या वाटेची नोंद) चालू ठेवा. दाट कारवीत तासाला अर्धा किलोमीटर म्हणजे पुष्कळ झालं. वाळलेली कारवी आधाराला धरू नका, कडकन मोडते. हिवाळ्यात खाजकुयलीसाठी पूर्ण बाह्या, हातमोजे हवेतच. माणशी 4 लिटर पाणी. दुपारी 1पर्यंत माथा आला नाही तर सरळ परता. अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय वाट सोडूच नका.