चौथा कॉर्नरबॅक कशाला पोसायचा?

मागच्या अंकात अमेरिकन फुटबॉलवरचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. मला वाटलं होतं सगळे क्वार्टरबॅकबद्दल, म्हणजे पास टाकणाऱ्याबद्दल विचारतील, पण निम्म्या लोकांना बेंचवरच्या कॉर्नरबॅकचीच काळजी पडलीय. कॉर्नरबॅक, किंवा नुसता कॉर्नर, म्हणजे समोरच्या टीमच्या पास झेलणाऱ्याला अडवणारा डिफेन्सचा गडी. मग या वेळी तोच विषय घेऊ.

प्रश्न: दादा, आमच्या घरी दर ऑगस्टला, टीममधून माणसं कमी करायची वेळ आली की भांडण ठरलेलं. मेव्हणा म्हणतो, 53 जणांत पाच-सहा कॉर्नर ठेवणं म्हणजे जागा फुकट घालवणं, दोन चांगले असले की झालं, चौथा-पाचवा काय वर्षभर टॉवेल घेऊन उभा राहणार. मी म्हणतो चौथा लागतोच. बायको म्हणते दोघंही गप्प बसा. तुम्ही कुणाच्या बाजूने?
— एडिसन, न्यू जर्सीहून एक जावई

उत्तर: वहिनींच्याच, पण तेवढ्यावर कॉलम भरत नाही म्हणून पुढे बोलतो. मेव्हण्यांचा हिशोब बाकीच्या जागांना लागू पडेल, कॉर्नरला नाही. बघा, तुमचा तिसरा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, जखमी झाला आणि चौथा आत आला, तर तुमचा क्वार्टरबॅक त्याच्याकडे बॉल टाकणार नाही, दुसऱ्याकडे टाकेल, म्हणजे नुकसान किती होऊ द्यायचं ते आपल्या हातात असतं. कॉर्नरचं उलटं आहे. तिथे बॉल कुणाच्या अंगावर टाकायचा हे समोरचा ठरवतो, आणि समोरच्याला नवा माणूस आत आलेला दिसला की तो दुसरीकडे कशाला टाकेल? क्रिकेटमध्ये कच्चा फील्डर शॉर्ट फाइन लेगला लपवता येतो, इथे लपवायला जागाच नाही, बॉल त्याला शोधत येतो. म्हणून तुमचा पहिला कॉर्नर कितीही भारी असू दे, समोरची टीम मोजते ती तुमच्या सगळ्यात कच्च्या कॉर्नरला.

आणि 'दोन चांगले असले की झालं' हे तर आता जुनं झालं. हल्ली बहुतेक टीम अर्ध्याहून जास्त वेळ पाच डिफेन्सिव्ह बॅक घेऊन खेळतात, त्यातले तीन कॉर्नर. म्हणजे तिसरा हा बॅकअप नाहीच, तो रोजचा माणूस. चौथा म्हणजे खरं तर पहिला बदली. आणि या पोरांचं काम काय, तर समोरचा कुठे वळणार हे माहीत नसताना उलटं पळायचं, मग गर्रकन फिरून फुल स्पीडने धावायचं. मांडीमागचा स्नायू धरला नाही तरच नवल. सीझनभर तीनही कॉर्नर धडधाकट राहिले असं क्वचितच होतं.

प्रश्न: नमस्कार. मी पुण्यात सोमवारी पहाटे पाचला उठून सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, बघते, घरचे वेड्यात काढतात. बॅकअप कॉर्नरने मॅच फिरवली म्हटलं की सगळे माल्कम बटलरचं नाव घेतात. माझा प्रश्न सरळ आहे, ते नशीब नव्हतं का? एक बॉल हाताला लागला, बस. त्यावरून बेंचवरच्या सगळ्यांची किंमत कशी वाढते?
— कोथरूडची पहाटवाली

उत्तर: ताई, नशीब होतंच, थोडं. पण बटलरची गोष्ट सगळे शेवटच्या एका बॉलपासून सांगतात, ती दुसऱ्या टोकापासून सांगायला हवी. 1 फेब्रुवारी 2015, अॅरिझोनातलं ग्लेनडेल, न्यू इंग्लंड पॅट्रियट्स विरुद्ध सिअॅटल सीहॉक्स. त्या एका मॅचमध्ये दोन बॅकअप कॉर्नर आत आले, दोन्ही बाजूंनी एकेक, आणि आपल्याला आठवतो फक्त एक.

दुसरा आधी. पहिल्याच क्वार्टरमध्ये सिअॅटलच्या जेरेमी लेनने पॅट्रियट्सच्या क्वार्टरबॅकचा, टॉम ब्रेडीचा, बॉल गोल लाइनजवळ पकडला. सिअॅटलवाले नाचले. पण तो बॉल घेऊन पळताना त्याला पाडलं तेव्हा त्याचा हात मोडला, मॅच तिथेच संपली त्याची. त्याच्या जागी थॅरल्ड सायमन. आता सिअॅटलची डिफेन्स म्हणजे तेव्हाची दहशत, रिचर्ड शर्मन, अर्ल थॉमस, कॅम चान्सलर, नावं ऐकूनच पोटात गोळा यायचा. ब्रेडीने काय केलं? शर्मनकडे फारसं बघितलंच नाही, सायमनकडे बघितलं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये पॅट्रियट्सच्या ब्रँडन लाफेलचा टचडाउन (बॉल गोल लाइनपलीकडे नेणं), सायमनवर. आणि शेवटी दोन मिनिटं उरली असताना ज्युलियन एडेलमनचा, ज्याने पॅट्रियट्स 28-24 पुढे गेले, तोही सायमनवरच. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा सिअॅटल 24-14 ने पुढे होती हो! सगळं खापर सायमनवर फोडू नका, त्यांचा क्वार्टरबॅकवर धावून जाणारा क्लिफ अॅव्हरिलही डोक्याला मार लागून बाहेर गेला होता आणि मग ब्रेडीला निवांत वेळ मिळायला लागला. पण बॉल कुठे जात होता ते रेकॉर्डिंग लावून बघा.

आता बटलर. युनिव्हर्सिटी ऑफ वेस्ट अलाबामाचा, म्हणजे मोठ्या कॉलेजांच्या खालच्या दर्जाच्या फुटबॉलमधला, ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजची पोरं निवडतात तिथे, कुणी घेतला नाही, ट्रायआउट देऊन टीममध्ये आलेला. त्याच्या पुढे डॅरेल रेविस, ब्रँडन ब्राउनर, कायल अॅरिंग्टन, लोगन रायन अशी रांग. मॅचमध्ये सिअॅटलचा साडेसहा फुटाच्या आसपासचा ख्रिस मॅथ्यूज अॅरिंग्टनला आवरेना. गंमत म्हणजे या मॅथ्यूजने त्याआधी एनएफएलमध्ये, म्हणजे या व्यावसायिक लीगमध्ये, एकही कॅच घेतला नव्हता, म्हणजे तोही बेंचवरचाच. मग पॅट्रियट्सनी अॅरिंग्टनला बसवलं, धिप्पाड ब्राउनरला मॅथ्यूजवर सोडलं आणि रिकाम्या जागी बटलर आणला. इथे बघा, चौथा-पाचवा माणूस कामाचा असल्यामुळे बाकीच्यांची जागा बदलता आली. तो नसता तर अॅरिंग्टनलाच तिथे मार खात ठेवावं लागलं असतं.

शेवटचा बॉल तर सगळ्यांना पाठच आहे. गोल लाइनपासून एका यार्डावर सिअॅटल, उरलेले सेकंद 26, बॉल घेऊन पळणाऱ्या मार्शॉन लिंचला बॉल देतील असं अख्ख्या जगाला वाटतंय, आणि त्यांचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन पास टाकतो. उजवीकडे दोन रिसीव्हर एकामागे एक, पुढचा जर्मेन कर्स अडथळा करणार आणि मागचा रिकार्डो लॉकेट त्याच्या आडून आत शिरणार. ब्राउनरने कर्सला जागेवरच दाबून धरला, त्यामुळे बटलरला वाट मोकळी मिळाली. आणि बटलर लॉकेटच्या आधी पोचला कारण त्याच आठवड्यात सरावात हाच डाव त्याच्यावर टाकला होता, तेव्हा तो मागून फिरून गेला होता आणि टचडाउन झाला होता, कोच बिल बेलिचिकनी तिथेच सुनावलं होतं. मॅचमध्ये तो मागून गेला नाही, सरळ बॉलवर धावला. त्याचं एनएफएलमधलं पहिलं इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याचा पास मधेच पकडणं. याला नशीब म्हणायचं तर म्हणा, पण गुरुवार-शुक्रवारचा सराव बेंचवरच्या पोरालाही तेवढाच कसून देणारी टीम हवी ना त्याआधी.

प्रश्न: सर, मग तीन वर्षांनी त्याच बटलरला त्याच बेलिचिकनी सुपर बोलमध्ये बसवून का ठेवलं? तेव्हा तर तो बॅकअप पण नव्हता. आमच्या ऑफिसमधले दोन फिलाडेल्फियावाले अजून यावरून चिडवतात.
— बॉस्टनजवळ राहणारा, मूळचा नाशिकचा

उत्तर: का बसवलं त्याचं पटेल असं कारण बेलिचिकनी जाहीरपणे कधी दिलंच नाही. टीमच्या भल्यासाठी घेतलेला निर्णय, एवढंच. त्यामुळे कारणाच्या नादी मी लागत नाही, परिणाम बघू. 4 फेब्रुवारी 2018, मिनिआपोलिस. सीझनभर डिफेन्सचे जवळजवळ सगळे डाव खेळलेला माणूस डिफेन्सला एकदाही आत नाही, स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किकच्या वेळच्या टीममध्ये, एकदा दिसला तेवढंच. त्याच्या जागी एरिक रो. फिलाडेल्फिया ईगल्सच्या अल्शॉन जेफ्रीने रोच्या डोक्यावरून 34 यार्डांचा टचडाउन घेतला. ईगल्सनी एकूण 538 यार्ड काढले, तेही निक फोल्स खेळवत असताना, जो स्वतः बॅकअप क्वार्टरबॅक! स्कोअर 41-33.

पण तुमच्या ऑफिसवाल्यांना एक सांगा. हाफटाइमनंतर पॅट्रियट्सनी स्टीफन गिलमोरला जेफ्रीवर लावलं आणि जेफ्री थंड पडला, तरी ईगल्स थांबले नाहीत, बाकीच्यांकडून यार्ड काढत राहिले. म्हणजे एक भोक बुजवलं की दुसरं उघडं पडतंय. बटलर असता तर जिंकले असते का? मला वाटतं फरक नक्की पडला असता, एक ड्राइव्ह (सलग चढाई) जरी अडला असता तरी, पण शपथेवर सांगणार नाही. बटलरला मात्र पुढच्याच महिन्यात टेनेसी टायटन्सनी पाच वर्षांचा 6 कोटी 10 लाख डॉलरचा करार दिला. बाजाराला त्याची किंमत कळत होती.

प्रश्न: बॅकअप कॉर्नरला सरळ काढून टाकायचा आणि प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये (सरावापुरत्या राखीव ताफ्यात) घ्यायचा, लागला की बोलवायचा. स्वस्तात काम. यात चूक काय?
— डॅलसचा हिशोबी

उत्तर: चूक एवढीच की तुमच्यासारखे हिशोबी अजून 31 टीममध्ये बसलेत. नवखा पोरगा काढला की तो आधी वेव्हर्सवर जातो, तिथे कुणीही उचलू शकतं. कुणी नाही उचलला तर तुमच्या प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये येईल, पण तिथूनही दुसरी टीम त्याला आपल्या 53 मध्ये घेऊ शकते, तुम्ही बघत राहाल. आणि चांगला कॉर्नर सगळ्यांनाच कमी पडतो. पैशाचं म्हणाल तर टॉपच्या कॉर्नरचे करार 2025 मध्ये वर्षाला 3 कोटी डॉलरच्या घरात गेलेत, ह्यूस्टनचा डेरेक स्टिंगली बघा, आणि त्याच वर्षी नव्या पोराचा किमान पगार 8 लाख 40 हजार. या भावात चौथा माणूस महाग कसा?

कॅन्सस सिटीने 2022 मध्ये हेच केलं, स्वस्तातली पोरं ढिगाने घेतली. पहिल्याच मॅचमध्ये ट्रेंट मॅकडफी जखमी झाला, पुढच्या मॅचला ड्राफ्टच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या, फेरीतला जेलेन वॉटसन उतरला आणि चार्जर्सच्या जस्टिन हर्बर्टचा पास गोल लाइनवर पकडून 99 यार्ड पळत गेला. 27-24 जिंकले. मग जानेवारीत, सुपर बोलच्या आधीच्या मॅचमध्ये लजॅरियस स्नीड सुरुवातीलाच बाहेर गेला, तेव्हा वॉटसन आणि जोशुआ विल्यम्स या दोघांनी समोरच्या क्वार्टरबॅकचे, जो बरोचे, एकेक पास पकडले. 23-20. त्या वर्षी कप त्यांचाच.

प्रश्न: आकडे बघून बॅकअप कॉर्नर चांगला की वाईट कसं ओळखायचं? इंटरसेप्शन तर शून्य असतात बिचाऱ्याचे.
— रेडमंडहून, सिअॅटल फॅन (सायमनचं नाव काढू नका प्लीज)

उत्तर: काढून झालं, सॉरी. इंटरसेप्शन सोडा. कॉर्नरचं खरं नुकसान दंडात दिसतं. होल्डिंग केलं, म्हणजे रिसीव्हरला धरून ठेवलं, तर पाचच यार्ड, पण समोरच्याला नवा फर्स्ट डाउन (नवे चार प्रयत्न) फुकटात. पास इंटरफिअरन्स केलं, म्हणजे पास येत असताना रिसीव्हरला ढकललं-धरलं, तर बॉल जिथे चूक झाली तिथेच ठेवतात, मग ते चाळीस यार्ड का असेना. दुसरं, नवा माणूस आला की सगळ्यात मागे राखण करणारा सेफ्टी त्याच्या बाजूला सरकून उभा राहतो का ते बघा. सरकला म्हणजे कोचचा विश्वास नाही, आणि तो सरकला की मधली जागा किंवा रनवाली बाजू उघडी पडते, तिथून पंधरा यार्ड गेले की शिव्या मधल्या फळीतला लाइनबॅकर खातो. सेफ्टी जागचा हलला नाही तर समजा पोरगा बरा आहे.

प्रश्न: फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर खेळतात तो खेळ) बॅकअप कॉर्नर घेऊ का?
— नाव नको

उत्तर: नको.

प्रश्न: दादा, मुलगा हायस्कूलच्या टीममध्ये आहे, कॉर्नर, पण दुसऱ्या फळीत. शुक्रवारी रात्री आम्ही थंडीत कुडकुडत बसतो आणि तो हेल्मेट हातात धरून उभा. सोडू दे का त्याला? बाबा म्हणतात अभ्यास कर.
— शार्लटहून एक आई

उत्तर: ताई, सोडायचं की नाही ते त्यालाच ठरवू दे, पण त्याआधी त्याने कोचला एकच विचारावं, पंट (बॉल लाथेने लांब मारणं) टीममध्ये टोकाला घ्याल का? पंट झाला की तिथून सुसाट पळत जाऊन बॉल पकडणाऱ्याला पाडायचं असतं, त्याला गनर म्हणतात, आणि वरपर्यंत सगळीकडे हे काम बहुतेक बॅकअप कॉर्नर आणि रिसीव्हरच करतात. रविवारच्या मॅचला 53 पैकी जास्तीत जास्त 48 जणांनाच खेळायला तयार होऊन उतरता येतं, त्यात चौथ्या-पाचव्या कॉर्नरचा नंबर लागतो तो बहुतेक वेळा याच कामामुळे. पंटला कुठून पळायचं, समोरचे दोघं अडवायला आले तर कुणाच्या बाहेरून जायचं हे आत्तापासून शिकला तर हेल्मेट डोक्यावर येईल. बाबांना म्हणावं अभ्यास शनिवारी. आणि तुम्ही बसायला जाड घोंगडी न्या, ते अॅल्युमिनियमचे बाक फार गार पडतात.