दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन: खरंच 'चार भोकं आणि दुसऱ्या दिवशी घरी' एवढंच असतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: आईचं वय 58, पित्ताशयात खडे, कोल्हापुरातच दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलंय. जो तो 'काही नसतं त्यात' म्हणतोय, पण आईच्या पोटात गोळा आलाय. नेमकं काय होतं आणि काय धरून चालायचं?

'काही नसतं त्यात' म्हणणाऱ्यांत मीही होते. इथल्याच एका खासगी दवाखान्यात 22 वर्षं थिएटर सिस्टर होते. लॅप कोली (ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आम्ही या ऑपरेशनला असंच म्हणतो) किती लावल्या त्याचा हिशेब नाही. मग एका श्रावणात उपासाची साबुदाणा खिचडी खाल्ली, रात्री उजव्या बरगडीखाली जी कळ उठली ती पाठीपर्यंत गेली, आणि महिन्याभरात त्याच टेबलावर मी आडवी. त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

पहिलं म्हणजे, भोक लहान असलं तरी आतलं काम लहान नसतं. पूर्वी उजव्या बरगडीखाली वीतभर कापून जी पिशवी काढायचे, तीच पूर्ण पिशवी खड्यांसकट आताही काढतात. नुसते खडे वेचून पिशवी ठेवत नाहीत, कारण ठेवली तर पुन्हा खडे होतात. पित्त तयार होतं लिव्हरमध्ये, पिशवी फक्त साठवणीची. ती गेली की पित्त थेट आतड्यात उतरतं. आईला 'अवयव काढला तर पचणार कसं' ही धास्ती असेल तर हे एवढं नीट समजावून सांगा, अर्धी भीती तिथेच जाते.

आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात. पाणी कधी बंद करायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील तसंच करा. 'घोटभर चहाने काय होतंय' म्हणून नातेवाइकांनी चहा पाजलेला आणि सगळी लिस्ट पुढे ढकललेली मी कितीदा बघितलीय. रक्त पातळ होण्याची गोळी, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील तर पट्ट्यांसकट पिशवी घेऊन जा, 'पांढरी बारकी गोळी' सांगून कुणाला कळत नाही. नखांना रंग नको, बोटाला लावायच्या मशीनला त्याचा त्रास होतो. मंगळसूत्र, बांगड्या घरीच उतरवायला सांगा, ओटीच्या दारात उतरवताना बायका फार कासावीस होतात. आणि बेंबी साफ हवी. पहिलं भोक बेंबीपाशीच असतं आणि आपल्याकडे बेंबीत खोबरेल तेल, हळद, काय काय वर्षानुवर्षं साठलेलं असतं.

भूल पूर्ण असते. घशात नळी घालतात, म्हणून नंतर दिवसभर घसा खवखवतो. त्यानंतर पोट फुगवतात, कारण एरवी आत जागाच नसते, सगळं एकमेकाला टेकलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याइतका. हाच वायू का, तर तो पेट घेत नाही (आत करंट देऊन रक्त थांबवायचं असतं) आणि रक्तात पटकन विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. बहुतेक ठिकाणी चार भोकं करतात, त्यातली दोन एकेक सेंटिमीटरभराची, उरलेली दोन त्याच्या निम्मी. टेबल डोक्याकडून उचलून डाव्या अंगाला कलवतात, म्हणजे आतडी आपोआप खाली सरकून पित्ताशय उघडं पडतं.

आमच्या ओटीत एक थर्मास असायचा. त्यात निर्जंतुक गरम सलाईन. दुर्बीण गार आणि पोट उबदार, त्यामुळे आत गेल्यागेल्या काच धुरकटते, चष्मा घालून चहाच्या कपावर वाकल्यावर होतं ना, तसंच. मग ती बाहेर काढायची, गरम पाण्यात बुडवायची, गॉजने पुसायची, परत द्यायची. सर्जन आमच्यावर ओरडायचे ते बहुतेक या धुक्यापायीच. कारण त्यांचा हात आत नसतो. जे आहे ते सगळं पडद्यावरच्या चित्रात. पित्ताशयाची बारीक नळी आणि तिची रक्तवाहिनी सुटी करून, दोन्ही स्वच्छ दिसल्यावरच टायटॅनियमच्या क्लिपा लावून मधे कापायचं. त्या क्लिपा कायमच्या आत राहतात, त्रास देत नाहीत. पिशवी लिव्हरपासून सोडवली की वरच्या किंवा बेंबीच्या भोकातून ओढून घेतात.

तुमच्या घरात कुणी 'नवीन पद्धत, भरवसा नाही' म्हणत असेल तर सांगा, 1985 साली जर्मनीत एरिश म्यूहे यांनी हे केलं आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी 1990 मध्ये. नवीन म्हणायला उशीर झाला.

आता जे कुणी नीट सांगत नाही ते. ऑपरेशनआधी ज्या कागदावर सही घेतात, त्यात 'गरज पडल्यास पोट उघडून' असं वाक्य असतं. ते वाचा, आणि आईलाही आधीच सांगा. पित्ताशय सुजून आजूबाजूला घट्ट चिकटलेलं असेल तर नळी कुठली, मुख्य पित्तनलिका कुठली ते दुर्बिणीतून उमगत नाही. मुख्य नलिकेला धक्का लागला तर तो गंभीर प्रकार असतो, पुढे मोठं ऑपरेशनही लागू शकतं. क्वचित होतं, पण होतं. म्हणून चित्र स्पष्ट नसेल तर सर्जन थांबतात आणि पोट उघडतात. कागलकडच्या एका आज्जींचं असं उघडावं लागलं होतं. बाहेर मुलाने दंगा केला, 'दुर्बिणीचं ठरलेलं, मग फाडलं कशाला?' सर्जननी त्याला आत बोलवून पित्ताशय ट्रेमध्ये दाखवलं, कातड्यासारखं जाड झालेलं. तो गप्प झाला, पण राग गेला नव्हता, ते तोंडावर दिसत होतं. माझं मत विचाराल तर, भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, 'तुम्हाला कधी उघडावं लागतं का?' 'कधीच नाही' म्हणणाऱ्यापेक्षा 'लागतं की, अमुक अमुक वेळी' असं सांगणाऱ्याकडे मी माझं पोट दिलं.

आणखी एक विचारायचं, जरा अवघडून का होईना: औजारं कशी निर्जंतुक करता? दुर्बिणीची औजारं पोकळ, सांध्यांची, आत घाण अडकणारी. नुसती घाईघाईने औषधाच्या पाण्यात बुडवून पुढच्या पेशंटला वापरली की क्षयाच्या जंतूंचे काही चुलत भाऊ तगून राहतात. मग सगळं छान भरून आल्यावर, तीन-चार आठवड्यांनी भोकाच्या जागी गाठ येते, पाणी झिरपतं, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने ते हटत नाही. असं काही दिसलं तर गल्लीतल्या दवाखान्यात ड्रेसिंग करत बसू नका, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा.

माझी रात्र सांगते. ऑपरेशन सकाळी, संध्याकाळी उठवून चालवलं (हे करायचंच, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून). भोकं फारशी दुखत नव्हती. रात्री दोनला उजवा खांदा असा ठणकायला लागला की मला वाटलं, झालं, हार्ट. घाम फुटला. बेल मारली. तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी आली, नाडी बघितली, म्हणाली, 'मॅडम, गॅसचं आहे.' आणि मला आठवलं, हेच वाक्य मी 22 वर्षं पेशंटना सांगत होते, वर 'थोडं दुखेल हं' म्हणून. थोडं! पोटात उरलेला वायू छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला, म्हणजे डायफ्रॅमला डिवचतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून कळ खांद्यात उमटते. दोन-तीन दिवसांत जातं. चालल्याने बरं वाटतं. मात्र छाती भरून येणं, दम लागणं, डाव्या हातात कळ असलं काही असेल तर गॅस म्हणून अंगावर काढू नका.

घरी बहुधा दुसऱ्या दिवशी पाठवतात, हे खरं आहे. पण गाडीत पोटावर उशी धरून बसवा. आमच्या इथल्या रस्त्यांवर प्रत्येक गतिरोधक बेंबीत कळतो, आणि गाव राधानगरीकडे असेल तर ड्रायव्हरला आधीच दम द्या. खोकताना, शिंकतानाही तीच उशी. खाणं हलकं, तेलकट कमी. काहींना थोडे दिवस जेवल्या जेवल्या शौचाला धावावं लागतं, हळूहळू बसतं. तांबडा-पांढरा रस्सा कधी, हा प्रश्न कोल्हापुरात प्रत्येक पेशंट विचारतो. महिनाभर तरी थांबा, मग अर्धी वाटी, आणि पोट काय म्हणतंय ते बघून पुढचं. घरातली बारीकसारीक कामं आठवड्याभरात जमतात. पाण्याची घागर, सिलिंडर, दळणाचा डबा तीन-चार आठवडे तरी दुसऱ्याने उचलायचा. हे आईला पटवणं सगळ्यात अवघड, माझ्या सूनबाईला विचारा.

ताप, वाढत जाणारी पोटदुखी, थांबत नसलेली उलटी, डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर फोनवर विचारत बसू नका, गाडीत घाला आणि न्या. खर्चाचं म्हणाल तर सीपीआर (कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना) किंवा सरकारी आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला आधी भेटा. आपल्या केसमध्ये काय बसतं ते तोच सांगेल.

काढलेली पिशवी तपासायला पाठवतात. तो रिपोर्ट टाके दाखवायला जाल तेव्हा मागून घ्या आणि डॉक्टरांकडून वाचून घ्या. 'ऑपरेशन झालं, आता कशाला' म्हणून लोक घेतच नाहीत, आमच्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये असे कितीतरी पडून असायचे. खडे हवे असतील तर ओटीत जाण्याआधीच सिस्टरला सांगून ठेवा. माझे अकरा निघाले, तुरीच्या डाळीएवढे, पिवळसर. काचेच्या बाटलीत टीव्हीच्या कपाटावर आहेत, नातू आल्यागेल्या प्रत्येकाला काढून दाखवतो.