सम्प गळतोय की ऊतू जातोय?

प्रश्न : आमची खाऱ्या पाण्याची टाकी 90×45×45 सेंमी आहे आणि खाली 60×30×35 सेंमीचा काचेचा सम्प (टाकीचं पाणी गाळून परत वर पाठवणारी खालची छोटी टाकी). पावसाळा सुरू झाल्यापासून कॅबिनेटच्या फळीवर पाणी दिसतं. पाणी टपकतं तिथे बाहेरून सिलिकॉन लावलं, पण दोन दिवसांत पुन्हा तेच. दुरुस्ती करावी की नवा सम्प घ्यावा? – एक वाचक, मालवण

उत्तर : आधी सम्प खरंच गळतोय का, ते ठरवा. आपल्याकडे पावसात वीज सारखी जाते. पंप थांबला की सम्पातलं पाणी वर नेणाऱ्या रिटर्न पाइपमधून टाकीतलं पाणी उलटं सम्पात उतरतं. तुमच्या टाकीतला 1 सेंमी थर म्हणजे साधारण पावणेचार लिटर, आणि तेवढ्याने सम्पाची पातळी सव्वादोन सेंमी चढते. पाइपचं तोंड 5 सेंमी बुडालेलं असेल तर 11 सेंमी झाले. सम्प 25 सेंमीपर्यंत भरून चालवत असाल तर वर जागा उरते फक्त 10 सेंमी! तेव्हा मुद्दाम पंप बंद करून पंधरा मिनिटं समोर बसा. पाणी काठावरून येत असेल तर सिलिकॉनचा काही संबंध नाही. तोंड वर घ्या, किंवा पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपला 5 मिमीचं भोक पाडा. ते शेवाळाने बुजतं, म्हणून दर आठवड्याला काडी घालून साफ करायचं. काठावर साचलेल्या मिठाच्या पापुद्र्यांतूनही पाणी झिरपत खाली येतं. ते ओल्या फडक्याने पुसून मग बघा.

काठ कोरडा असेल तर पंप बंदच ठेवा, सम्प बाहेरून पुसा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि प्रत्येक कप्प्याच्या पातळीवर मार्करने खूण करा. पातळी उतरत उतरत जिथे थांबेल, तिथे भोक. कप्पा पूर्ण रिकामा झाला तर तळाचा सांधा गेला. थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी तळकाचेच्या कडेने हातभर धावून दुसऱ्याच कोपऱ्यात टपकतं. तुमचं बाहेरचं ठिगळ टिकलं नाही याचं एक कारण हे. दुसरं, बाहेर लावलेल्या सिलिकॉनला पाणी आतून ढकलून सोडवतं, तर आत लावलेल्याला दाबून धरतं.

काचेला तडा असेल, किंवा दोन काचांमधल्या सिलिकॉनच्या थरात बुडबुडे आणि पांढरे पट्टे दिसत असतील तर सरळ नवा सम्प करून घ्या. तो जोड काचा सुट्या केल्याशिवाय बदलता येत नाही. ऑर्डर देण्याआधी कॅबिनेटच्या दाराचं माप घ्या. सम्प आतच जात नाही, हे फार जणांना नंतर कळतं.

फक्त आतल्या कोपऱ्यांतली सिलिकॉनची पट्टी सुटली असेल तर दुरुस्ती होते, पण सगळीकडे. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही. कप्पे पाडणाऱ्या पार्टिशनच्या काचाही काढाव्या लागतात, कारण तळाचा सांधा त्यांच्याखालून जातो. ब्लेडने आतली पट्टी खरवडा, दोन काचांमध्ये मात्र ब्लेड घालू नका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. काच दमट राहिली तर सगळी मेहनत वाया, म्हणून आधी पंखा लावून पूर्ण सुकवा. सिलिकॉन व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं, मत्स्यटाकीसाठीचं घ्या. बाथरूमसाठीचं अँटीफंगल नको, त्यातलं बुरशीनाशक माशांना घातक. पार्टिशनसकट 280 मिलीची एक ट्यूब पुरते, तरी दोन आणून ठेवा.

दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून 6 मिमीची पट्टी ओढा, बोटाने दाबा आणि ओलं असतानाच टेप काढा. दमट हवेत पाच-सात मिनिटांत साय धरते, म्हणून एकेक सांधा पुरा करत जा. वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, पाणी भरू नका. त्यानंतर सम्प सपाट लादीवर ठेवून 24 तास साध्या पाण्याने भरून बघा.

परत ठेवण्यापूर्वी फळी तपासा. ओलीने फुगलेल्या प्लायवर सम्प तिरका बसतो आणि तोच सांधा पुन्हा उघडतो. मरीन प्लाय आणि वर 12 मिमी थर्माकोल ठेवा.

प्रश्न : तो आठवडाभर मासे कसे सांभाळायचे? – एक वाचक, गुहागर

उत्तर : मीडिया, म्हणजे सम्पातलं पाणी गाळणारं साहित्य, धुऊ नका, सुकू देऊ नका. टाकीच्याच पाण्यात टबमध्ये ठेवून एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवा. ऑक्सिजन नसेल तर त्यातले जिवाणू काही तासांत मरू लागतात. किंवा जाळीच्या पिशवीत भरून मुख्य टाकीतच सोडा. खाणं निम्मं करा. बाष्पीभवनाची भरपाई गोड्या पाण्याने करतात, पण गळून गेलेलं पाणी खारं होतं, त्याची भरपाई खाऱ्यानेच. खारेपणा मोजून घ्या, विशिष्ट गुरुत्व 1.024 ते 1.026 हवं. पावसात खाडीच्या तोंडाजवळचं पाणी आणू नका, ते कमी खारं असतं.

प्रश्न : सम्पासाठी काचेऐवजी प्लास्टिकचा क्रेट चालेल का? – एक वाचक, देवगड

उत्तर : जाड, खाद्यपदार्थांसाठीचा असेल तर चालेल. पण त्याला सिलिकॉन चिकटत नाही, म्हणून पार्टिशन विसरा. मीडिया भोकं पाडलेल्या वेगळ्या डब्यात भरा. आणि पाणी भरल्यावर बाजू फुगतात, तेव्हा काठाखाली चार बोटं जागा जास्त सोडा.