जिच म्हणजे हट्ट नव्हे

प्रश्न: पेपरात सारखं वाचते, जागावाटपात जिच, बोलण्यांमधली जिच फुटली वगैरे. मला वाटायचं जिच म्हणजे जिद्दच, हट्टाला बसणं. पण २०२५ मध्ये गोव्यात बुद्धिबळाचा वर्ल्ड कप झाला तेव्हापासून मुलगा क्लासला जातो, तो म्हणतो आई हा चेसमधला शब्द आहे. खरं काय?
- एक वाचक, म्हापसा

उत्तर: मुलगा बरोबर सांगतोय ताई. जिच हा बुद्धिबळाचाच शब्द, फारसीतून आलेला, क्लासमध्ये ज्याला स्टेलमेट म्हणतात तो. घरी पट असेल तर मांडूनच बघा, काळा राजा एकटा कोपऱ्यात, पांढरा वजीर त्याच्यापासून बरोबर घोड्याच्या चालीवर म्हणजे अडीच घरांवर, पांढरा राजा कुठेतरी लांब, आणि खेळी काळ्याची. राजाला शह नाही, पण शेजारची तिन्ही घरं वजिराच्या माऱ्यात, मग जाणार कुठे? डाव तिथेच संपतो, बरोबरीत, दोघांना अर्धा अर्धा गुण. जिंकत आलेला माणूस घाईत वजीर तिथे ठेवतो आणि मग डोक्याला हात लावतो, नवीन मुलांचं तर हे हमखास होतं. पोर्तुगीजमध्ये अशा राजाला आफोगादो म्हणतात, म्हणजे बुडालेला, मला हा शब्द फार आवडतो कारण राजाला कोणी मारलेलं नसतं, नुसता श्वास अडकलेला असतो.

बोलण्यात आपण अर्थ थोडा बदललाय. पटावर एकाच बाजूची खेळी अडते, आपल्या जिचेत दोघंही अडकतात. आणि पटावरची जिच कधी फुटत नाही, डावच संपलेला असतो, फुटते ती आपली.

पण भांडण झालं की लगेच जिच असं लिहू नये, वाद जोरात चालू असेल तर त्याला शह-काटशह म्हणा. आमच्या आजोळच्या घराचं बघा, मामा आणि मावश्या, त्यांचे नवरे-बायका, सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय विकता येत नाही, दुरुस्तीला कोणी एकटा पैसे घालत नाही, भांडण तर अजिबात नाही, चतुर्थीला सगळे तिथेच एकत्र जेवतात, आणि गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्यांची माटोळी बांधतात त्याच्या वरचीच कौलं दर पावसात दोन-चार सरकतात. ही जिच.